मार्जिन लेकराकडं नको, गॅप पालकाकडं: स्पेसिंगचे हलके कंपोनंट कसे बनवायचे

सोलापुरात आता बरीच पोरंपोरी फ्रंटएंडचं, म्हणजे ॲप-वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचं, काम करायला लागल्यात. कुणी पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करतंय, कुणी इथल्याच चादर-टॉवेलवाल्यांचं ऑर्डरचं ॲप बनवतंय, कुणी क्लासचं, कुणी दवाखान्याचं. कुणाचाही कोड उघडा, सगळीकडं एक गोष्ट हमखास सापडती ती म्हणजे मार्जिन, एखाद्या गोष्टीच्या बाहेर सोडलेली मोकळी जागा. एका फाइलीत मार्जिन-बॉटम १६, दुसरीत १४, तिसरीत १८, मग कुणीतरी लास्ट-चाइल्डला शून्य लिहिलेलं, मग त्या शून्याला तोडायला इम्पॉर्टंट मारलेलं. डिझाइनवाला म्हणतो जरा मोकळं करा की स्क्रीन, आणि पंधरा फाइली उघडाव्या लागतात.

यावर उपाय अवघड नाहीय. तीन छोटे कंपोनंट (स्क्रीनचे परत-परत वापरायचे तुकडे) आणि ठरलेल्या आकड्यांची एक पट्टी एवढ्यावर सगळं भागतं. ते कसे बनवायचे, कुठं अडतं आणि हलके म्हणजे नेमकं काय हे सांगतो. कोड इथं शब्दांतच सांगतोय, प्रॉपर्टीची नावं तीच आहेत, आपापल्या एडिटरात टाइप करून बघा म्हणजे हाताला बसंल. मुख्यतः सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा) आणि रिॲक्ट किंवा व्ह्यू धरून बोलतोय, शेवटी फ्लटर, कंपोजवाल्यांसाठी पण थोडं आहे.

उदाहरण एकच घेऊ, चादर-टॉवेलच्या होलसेल ऑर्डरची स्क्रीन. एकेका मालाचं एक कार्ड, त्यात मालाचं नाव, खाली जीएसएम (कापडाचं चौरस मीटरमागं ग्रॅममधलं वजन) आणि साइझ, मग रंगांचे चिप (छोटी बटणं), मग किती डझन ते वाढवायची-कमी करायची बटणं. अशी कार्डं एकाखाली एक.

आधी नियम एकच: कंपोनंटनं स्वतःच्या बाहेरची जागा ठरवायची नाही

कार्डाला माहीत असतं आपल्या आत काय आहे. आपल्या खाली कोण येणार, शेजारी कोण बसणार, आपण यादीत आहोत का एकटेच पॉपअपमध्ये आहोत, हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. मग बाहेर १६ सोडायचे का २४ हे त्यानं कशावरून ठरवायचं? ते ज्याच्या आत ते बसलंय त्यानं ठरवायचं. मागावर ताण्याचे धागे एकमेकांपासून किती अंतरावर बसायचे ते फणी ठरवती, धागा ठरवत नाही, आणि म्हणूनच चादर एकसारखी विणली जाती. स्क्रीनमध्ये हे फणीचं काम पालक कंपोनंटचं, म्हणजे ज्याच्या आत बाकीचे बसतात त्याचं. आत बसणारी ती त्याची लेकरं.

मार्जिन लेकराकडं ठेवलं तर काय होतंय ते नीट समजून घ्या, कारण नुसतं "वाईट सवय" म्हणून सोडलं तर टीममधला पुढचा माणूस परत तेच लिहिणार. साध्या ब्लॉक लेआउटमध्ये उभे मार्जिन एकमेकांत मुरतात. वरच्या कार्डाला खाली १६ आणि खालच्या हेडिंगला वर २४ असं असंल तर मध्ये ४० येत नाहीत, मोठा जो आहे तो, म्हणजे २४ येतात. तेच दोघं उचलून फ्लेक्स (लेकरं रांगेत मांडायची सीएसएसची पद्धत) कॉलममध्ये टाका, तिथं मार्जिन मुरत नाहीत, पूर्ण ४० येतात. म्हणजे कार्ड तेच, हेडिंग तेच, कोडात एक अक्षर बदललं नाही, फक्त घर बदललं आणि अंतर बदललं. त्यात पहिल्या लेकराचं वरचं मार्जिन तर पालकाला पॅडिंग (आतली मोकळी जागा) किंवा बॉर्डर नसंल तर पालकाच्या बाहेर निसटतं, आणि माणूस अर्धा तास बघत बसतो की वर ही पांढरी पट्टी आली कुठनं. आडव्या मार्जिनला हे काही होत नाही, त्यामुळं गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून कार्ड, बटण, चिप, इनपुट या सगळ्यांचं बाहेरचं मार्जिन शून्य. आतलं पॅडिंग त्यांचं स्वतःचं, ते खुशाल ठेवा.

पट्टी: ४ च्या पटीत, आणि तेवढेच आकडे

०, ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८, ६४. नऊ आकडे, बास. सुरुवातीला अंतर बारीक-बारीक कारण लहान जागांत ४ चा फरक डोळ्याला कळतो, पुढं मोठ्या उड्या कारण ४८ आणि ५२ मधला फरक कुणालाच दिसत नाही.

४ च का, ५ का नाही, हे नवीन पोरं नेहमी विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. अँड्रॉइडवर १६० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते) म्हणजे एकपट धरतात, २४० म्हणजे दीडपट, ३२० दुप्पट, ४८० तिप्पट. दीडपटवर ४ चे होतात ६ पिक्सेल, अख्खे. ५ चे होतात साडेसात, आणि अर्धा पिक्सेल स्क्रीनवर काढता येत नाही, मग कुठं ७ कुठं ८ असं व्हायला लागतं, रेषा धूसर होतात. अगदी जुन्या १२० डीपीआयवर सुद्धा ४ चे ३ होतात. आता ४२० डीपीआयचे पण बरेच फोन आहेत, तिथं ४ चे साडेदहा होतात आणि राउंडिंग होतंच, पण ८ घेतले तर २१, परत अख्खे. एकंदरीत ४ नं सगळ्यात कमी त्रास होतो.

ही पट्टी सीएसएस व्हेरिएबल म्हणून रूटवर एकदाच लिहा. नावं देताना एक सांगतो, स्मॉल-मीडियम-लार्ज या भानगडीत पडू नका, दोन महिन्यात एक्स-एक्स-स्मॉल येतं आणि मग मीडियमच्या आधी काहीतरी पाहिजे असतं तर नावच उरत नाही. जागा-१, जागा-२ असे क्रमांक किंवा सरळ जागा-१६ असा आकडा. मला क्रमांक आवडतात, कारण उद्या दाट लेआउट हवा म्हणून १६ चे १२ केले तर जागा-१६ या नावाची किंमत १२ होऊन बसती आणि वाचणारा फसतो.

रेम (फाँटच्या मूळ आकारावर चालणारं माप) का पिक्सेल? मजकुराच्या मधली जागा रेममध्ये ठेवा, डिफॉल्ट १६ धरला तर ४ म्हणजे ०.२५ रेम. वयस्कर माणसं ब्राउझरचा फाँट मोठा करून ठेवतात, मजकूर वाढला की त्याच्या मधली जागाही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे, नाहीतर सगळं गचपन. पण स्क्रीनच्या कडेची जागा पिक्सेलमध्येच ठेवा, कारण लहान फोनवर फाँट दुप्पट केला आणि दोन्ही कडा पण दुप्पट झाल्या तर मजकुराला मध्ये बोळ उरतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, माझं मत आहे, पण लहान फोनवर फाँट मोठा करून बघा, पटंल.

पहिला कंपोनंट: स्टॅक

एकाखाली एक गोष्टी ठेवायच्या आणि मध्ये सारखं अंतर, स्टॅकचं काम एवढंच. सीएसएस तीन ओळींचं आहे, डिस्प्ले फ्लेक्स, फ्लेक्स-डायरेक्शन कॉलम, आणि गॅपला, म्हणजे लेकरांच्या मधल्या अंतराला, पट्टीतली किंमत. प्रॉप्स (कंपोनंटला बाहेरून द्यायच्या किमती) सुद्धा दोन-तीनच ठेवा. एक गॅप, एक अलाइन, आणि एक "ॲज", म्हणजे हा कुठला टॅग म्हणून छापायचा ते. बाकी काही मागितलं तरी देऊ नका. स्टॅकला बॅकग्राउंड द्या, शॅडो द्या, बॉर्डर द्या अशी मागणी येतीच, आणि एकदा दिलं की सहा महिन्यात त्याला चाळीस प्रॉप होतात आणि तो स्टॅक राहत नाही.

गॅप या प्रॉपला कुठलाही आकडा चालता कामा नये. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर टाइपमध्ये ते नऊ क्रमांकच लिहा, कुणी १४ टाकायला गेलं की तिथंच लाल रेघ आली पाहिजे. सगळ्या पद्धतीचा फायदा या एका कडकपणात आहे, इथं ढील दिली तर बाकीचं वाचूच नका.

"ॲज" प्रॉप का पाहिजे ते सांगतो. मालाची यादी असंल तर ती यूएल (यादीचा टॅग, त्यातली एकेक ओळ म्हणजे एलआय) पाहिजे, फॉर्म असंल तर फॉर्म पाहिजे. स्टॅक नेहमी डिव्हच (साधा डबा) छापत असंल तर लोक यूएलच्या आत डिव्ह आणि त्याच्या आत एलआय असं काहीतरी करतात, चुकीचं एचटीएमएल तर होतंच वर एक नोड (पानातला एक घटक) फुकटचा वाढतो. सफारीचं एक लक्षात ठेवा, यूएलचे ठिपके लिस्ट-स्टाइल नन करून काढले की व्हॉइसओव्हर (स्क्रीन वाचून दाखवणारं साधन) त्याला यादी म्हणून सांगत नाही, तेव्हा रोलमध्ये लिस्ट लिहून टाका.

आता गॅपचे बारकावे, कारण यातच सगळे अडकतात. गॅप फक्त ज्यांचा बॉक्स तयार होतो त्यांच्या मध्ये येतो. डिस्प्ले नन केलेल्या लेकराला गॅप मिळत नाही, चांगलंच आहे, एरर मेसेज लपवला तर त्याची जागा पण जाती. पण व्हिजिबिलिटी हिडन केलं तर बॉक्स असतो आणि गॅप पण असतो. आणि सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट, रिकामा डिव्ह. समजा ऑफर असंल तर ऑफरची पट्टी दाखवायची, नसंल तर आत काही नाही, पण बाहेरचा डिव्ह मात्र छापला जातोय. तो दिसत नाही पण लेकरू म्हणून मोजला जातो, त्याच्या वर एक गॅप खाली एक गॅप, आणि १६ च्या जागी ३२ दिसतात. दाखवायचं काही नसंल तर कंपोनंटनं नल (काहीच नाही) परत करायचं, रिकामा डिव्ह नाही. ॲब्सोल्यूट केलेलं लेकरू मात्र मोजलं जात नाही, कार्डाच्या कोपऱ्यात "नवीन" असा बिल्ला टाकला तरी गॅप बिघडत नाही.

जुन्या ब्राउझरचं विचारतात म्हणून सांगतो. फ्लेक्समध्ये गॅप फायरफॉक्सनं २०१८ ला ६३ व्या व्हर्जनमध्ये आणला, क्रोमनं २०२० ला ८४ मध्ये, सफारीनं २०२१ ला १४.१ मध्ये. त्याच्या आधीचे फोन तुमच्या गिऱ्हाइकाकडं असतील तर सपोर्ट्स क्वेरी (ब्राउझरला अमुक येतं का असं विचारणारी) लावून चेक करू नका, कारण ग्रिडमधला गॅप आधीपासून होता त्यामुळं ते ब्राउझर "हो, गॅप येतो" असंच सांगतात आणि फ्लेक्समध्ये मात्र शून्य. त्यापेक्षा स्टॅक ग्रिडमध्ये बनवा, डिस्प्ले ग्रिड आणि गॅप, दिसायला तेच. फक्त कॉलम मिनमॅक्स शून्य ते १एफआर असा लिहा, नाहीतर आतला एखादा लांब शब्द किंवा टेबल अख्ख्या स्टॅकला स्क्रीनच्या बाहेर ढकलतं.

सगळीकडं एकच गॅप चालत नाही, मग?

हे लगेच येतं. मालाचं नाव आणि जीएसएम एकदम जवळ पाहिजेत, पण चिपच्या आधी जरा जास्त जागा पाहिजे. इथं लोक परत मार्जिनकडं पळतात, एका लेकराला टॉप-मार्जिन देऊन टाकतात. देऊ नका. स्टॅकच्या आत स्टॅक टाका. नाव आणि जीएसएम यांचा एक आतला स्टॅक गॅप ४ चा. तो स्टॅक, चिप आणि बटणं यांचा बाहेरचा स्टॅक १२ चा. कार्डाच्या आत चारही बाजूंनी १६. दोन कार्डांच्या मध्ये २४. आकडे आतून बाहेर वाढत जातात बघा, ४, १२, १६, २४. आतली जागा बाहेरच्या जागेपेक्षा नेहमी कमी पाहिजे, म्हणजे कोण कुणाचं आहे ते डोळ्याला रेघ न मारता कळतं. उलटं झालं, म्हणजे नाव आणि जीएसएममध्ये २४ आणि दोन कार्डांत १२, की बघणारा वरच्या टॉवेलचा जीएसएम खालच्या चादरीला जोडतो, आणि होलसेलच्या ऑर्डरीत असली गफलत परवडत नाही.

असं केल्यावर डिझाइनवाल्याशी बोलणं पण सोपं होतं. तो "हे जरा लांब वाटतंय" म्हणाला की कुठल्या स्टॅकचं अंतर, एवढंच विचारायचं.

आडवी मांडणी: क्लस्टर

रंगांचे चिप, बटणांची जोडी, फिल्टर, म्हणजे शेजारी-शेजारी बसणाऱ्या आणि जागा संपली की खालच्या ओळीत जाणाऱ्या गोष्टी. डिस्प्ले फ्लेक्स, फ्लेक्स-रॅप रॅप, गॅप ८. चिप खालच्या ओळीत गेले तरी उभं अंतर पण ८ च राहतं, वेगळं काही करायला नको. पूर्वी याच कामासाठी प्रत्येक चिपला सगळीकडून ४ मार्जिन आणि पालकाला उणे ४ मार्जिन अशी युक्ती करायचे. जुन्या कोडात अजून सापडती. तिनं स्क्रीनला आडवा स्क्रोल येतो, आणि उणे मार्जिनमुळं पालक शेजारच्या बटणावर चढून बसतो आणि टॅप खातो. दिसली की काढा.

एका बाजूला नाव आणि दुसऱ्या टोकाला भाव असं पाहिजे असंल तर तिथं मार्जिन-इनलाइन-स्टार्ट (ओळ सुरू होते त्या बाजूचं मार्जिन) ऑटो चालतं, किंवा स्पेसर नावाचा फ्लेक्स १ वाला रिकामा कंपोनंट. मी ऑटो मार्जिन घेतो, एक नोड वाचतो. आणि नाव लांब असलं, "जॅकार्ड डबल बेड चादर मयूरपंखी" वगैरे, तर ते तीन टिंबं लावून कापलं जायला पाहिजे पण फ्लेक्समध्ये ते कापलंच जात नाही, भावालाच बाहेर ढकलतं. त्या नावाला मिन-विड्थ शून्य द्या. हे न सांगता कुणाला सुचत नाही.

बटणं जवळजवळ ठेवताना बोटाचा पण विचार करा. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम), जे २०२३ ला आलं, कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेलचं टार्गेट सांगितलंय, आणि त्याहून लहान असंल तर त्याच्या मध्यावर २४ व्यासाचं वर्तुळ धरलं तर ते दुसऱ्या टार्गेटला किंवा त्याच्या वर्तुळाला लागता कामा नये. ही कमीत कमी गोष्ट झाली, मटेरियलमध्ये ४८ डीपी सांगतात आणि ॲपल ४४ पॉइंट. गोडाऊनमध्ये एका हातात टॉवेलची गठडी आणि दुसऱ्या हातात फोन धरून अंगठ्यानं डझन वाढवणाऱ्या माणसासाठी ४८ च घ्या.

आतली जागा: इनसेट

इनसेट म्हणजे पॅडिंगचा कंपोनंट, कार्डाच्या आत, पॉपअपच्या आत, स्क्रीनच्या कडेला. यात लेफ्ट-राइट हे शब्द लिहूच नका. पॅडिंग-इनलाइन आणि पॅडिंग-ब्लॉक लिहा. कारण आपलं गाव. इथं मराठी आहे, कन्नड आहे, पूर्व भागात घराघरांत तेलुगू आहे, आणि उर्दू आहे. आज ॲप नुसतं मराठीत आहे म्हणून पॅडिंग-लेफ्ट लिहिलं आणि उद्या दुकानदार म्हणाला उर्दू पण द्या, तर दिशा उजवीकडून डावीकडं होती आणि जिथं जिथं लेफ्ट लिहिलंय तिथं तिथं जागा उलट्या बाजूला राहती. इनलाइन-स्टार्ट लिहिलं असंल तर दिशेबरोबर आपोआप फिरतं. गॅपला तर बाजूच नसती, त्यामुळं स्टॅक आणि क्लस्टरला यात काहीच करावं लागत नाही, गॅप वापरायचं हे आणखी एक मोठं कारण.

फोनच्या खालच्या जेश्चरच्या पट्टीसाठी स्क्रीनच्या इनसेटमध्ये सेफ-एरियाची किंमत आणि १६ यातलं मोठं ते, असं मॅक्स लावून घ्या, नाहीतर काही फोनवर "ऑर्डर पक्की करा" हे बटण त्या पट्टीखाली जातं.

देवनागरीत आकडे बरोबर असून अंतर चुकीचं का दिसतं

यावर फार कमी बोललं जातं आणि मला वाटतं मराठीत ॲप बनवणाऱ्यानं हे सगळ्यात आधी शिकावं. डिझाइनची फाइल बहुतेक वेळा इंग्रजी मजकूर टाकून बनवलेली असती. लाइन-हाइट १.२, दिसतं छान. त्यात मराठी टाकलं की शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, रुकार, जोडाक्षरं. "र्कीं" आणि त्याच्या वरच्या ओळीत "द्धू" आलं की एकमेकांना टेकतात. कन्नड-तेलुगूत तर जोडाक्षराचा दुसरा भाग खालीच लटकतो, आणि उर्दू नस्तालीकमध्ये शब्द तिरके उतरत येतात, त्याला आणखी जास्त लाइन-हाइट लागती. मराठीला १.६ च्या आसपास ठेवून बघा, फाँटप्रमाणे थोडं इकडंतिकडं. आणि ही किंमत भाषेप्रमाणे बदलता येईल अशी, लँग ॲट्रिब्यूटवरून, ठेवा.

पण लाइन-हाइट वाढवली की स्पेसिंगवर परिणाम होतो. फाँटच्या स्वतःच्या उंचीपेक्षा लाइन जेवढी उंच, ती जादा जागा अर्धी वर आणि अर्धी खाली वाटली जाती. ती गॅपमध्ये धरलेली नसती पण डोळ्याला दिसती. म्हणून नाव आणि जीएसएममध्ये गॅप ८ दिला की मराठीत तो जास्तच वाटतो, तिथं ४ किंवा शून्यसुद्धा पुरतो. स्टॅकचा आकडा इंग्रजी फाइलीवरून आंधळेपणानं उचलू नका, खरा मराठी मजकूर टाकून डोळ्यानं ठरवा.

टेक्स्ट-बॉक्स-ट्रिम नावाची नवीन प्रॉपर्टी आलीय, सफारी १८.२ आणि क्रोम १३३ पासून, ती ही वरखालची जादा जागा छाटती. इंग्रजीत फार उपयोगाची आहे. पण छाटायची रेघ ठरवायला तिच्याकडं कॅपिटल अक्षराची उंची, लहान एक्सची उंची, बेसलाइन असली मापं आहेत, शिरोरेषेचं माप नाही. कॅपिटलच्या उंचीला छाटलं तर वेलांट्या बॉक्सच्या बाहेर राहतात, आणि पालकाला ओव्हरफ्लो हिडन असलं तर चक्क कापल्या जातात. मराठी मजकुरावर ती सध्या लावू नका.

आणि मजकूर असलेल्या कुठल्याही बॉक्सला पक्की उंची देऊ नका. डब्ल्यूसीएजीतच आहे की वाचणाऱ्यानं लाइन-हाइट १.५ पट आणि परिच्छेदातलं अंतर फाँटच्या दुप्पट केलं तरी मजकूर कापला जाता कामा नये. पॅडिंग द्या, उंची आपोआप होऊ द्या.

हलकं म्हणजे नेमकं काय

लोकांना वाटतं कमी ओळींचा कोड म्हणजे हलकं. मी तीन गोष्टी बघतो: किती नोड वाढले, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट किती चाललं, आणि माणसाला किती लक्षात ठेवावं लागतं.

नोड वाढायचं नेहमीचं कारण म्हणजे प्रत्येक लेकराला एकेका डिव्हमध्ये गुंडाळून त्याला मार्जिन देणारा स्टॅक. रिॲक्टमध्ये चिल्ड्रनवर मॅप फिरवून हे करतात. शंभर मालांची यादी म्हणजे शंभर फुकटचे डिव्ह. शिवाय कुणी आत फ्रॅगमेंट टाकला तर त्यातली पाच लेकरं एकच म्हणून मोजली जातात आणि त्यांच्या मध्ये अंतरच येत नाही. गॅपनं हे सगळं ब्राउझरवर सोपवता येतं, स्टॅकनं लेकरांकडं बघायचं पण नाही.

जावास्क्रिप्टमध्ये स्क्रीनची रुंदी ऐकून गॅप बदलणारे कंपोनंट पण पाहिलेत. गरज नाही. नऊ पायऱ्यांचे नऊ क्लास बनवा, कंपोनंट फक्त क्लासचं नाव जोडतो. लहान स्क्रीनवर दाट पाहिजे असंल तर रूटवरच्या व्हेरिएबलची किंमत एका मीडिया क्वेरीत बदला, सगळं ॲप एकदम दाट होतं. इनलाइन स्टाइल पण टाळा, सर्व्हरवरून एचटीएमएल येत असंल आणि सिक्युरिटी पॉलिसी कडक असंल तर स्टाइल ॲट्रिब्यूट ब्राउझर मानतच नाही.

व्हेरिएबल वापरताना एक सापळा आहे. सीएसएस व्हेरिएबल वारशानं खाली उतरतात. बाहेरच्या स्टॅकवर "गॅप २४" असं व्हेरिएबल ठेवलं आणि आतल्या स्टॅकला काही दिलं नाही, तर आतला पण २४ घेतो आणि कुणाला कळत नाही का. स्टॅकच्या मूळ क्लासमध्येच डिफॉल्ट किंमत लिहा म्हणजे प्रत्येक स्टॅक स्वतःपासून सुरू करतो.

फ्लटर, कंपोज आणि बाकीचे

नियम तोच, हत्यारं वेगळी. फ्लटरमध्ये ३.२७ पासून रो आणि कॉलमला सरळ स्पेसिंग देता येतं, आधी मध्ये-मध्ये साइझ्डबॉक्स टाकायचो. जुन्या व्हर्जनवर असाल तर साइझ्डबॉक्स कॉन्स्ट करून टाका, रिकाम्या जागेसाठी कंटेनर नको, तो त्यापेक्षा जड. स्पेसर हा आतून एक्सपांडेडच असतो, म्हणून स्क्रोलच्या आत जिथं उंचीला मर्यादा नाही तिथं टाकला की एरर येतो.

जेटपॅक कंपोजमध्ये अरेंजमेंट स्पेस्डबाय. लेझीकॉलमच्या वर-खाली जागा पाहिजे तर स्पेसरचा आयटम टाकू नका, कंटेंट पॅडिंग आहे. स्विफ्टयूआयमध्ये व्हीस्टॅकला स्पेसिंग लिहिलं नाही तर सिस्टीम आपल्या मनानं ठरवती, तेव्हा शून्य पाहिजे असलं तरी शून्य लिहा. रिॲक्ट नेटिव्हमध्ये ०.७१ पासून गॅप आहे.

चालू ॲपमध्ये बसवायचं कसं

सगळं एकदम बदलू नका. एक स्क्रीन घ्या, जिच्यात यादी आहे अशी. आधी बाहेरून सुरू करा, पानाचा स्टॅक, मग कार्डांचा, मग कार्डाच्या आतला. प्रत्येक पायरीला त्या लेव्हलची मार्जिन काढत जा. मग त्या फोल्डरवर स्टाइललिंटचा (सीएसएस तपासणारं साधन) नियम लावा की मार्जिन लिहिलं की बिल्ड अडलं पाहिजे, ऑटो तेवढं चालंल. पुढची स्क्रीन झाली की तो फोल्डर पण नियमात घ्या.

तपासताना ही परिस्थिती मुद्दाम करून बघा. स्टॅकमध्ये एकही लेकरू नाही, एकच आहे, मधलं लपवलंय. रुंदी ३२० पिक्सेल. फाँट दुप्पट. दिशा उजवीकडून डावीकडं. मजकूर मराठीतला लांबातला लांब, आणि त्याच्या शेजारी भाव सहा आकडी. सगळ्या स्टॅकना तात्पुरता फिका गुलाबी आणि इनसेटना फिका निळा रंग द्या, मधली प्रत्येक पट्टी कुणाची आहे ते लगेच दिसतं, आणि जिथं रंगच नाही पण जागा आहे तिथं एखादं जुनं मार्जिन राहिलेलं असतं, ते शोधून काढा.